कबरस्तानाच्या चढासाठी इंजिन

भाऊ मंगळवारी गेला. बुधवारी आम्ही त्याला पुरायला नेलं. चढाच्या मध्यावर जीप थांबली आणि पुढे गेली नाही.

जीप त्याचीच होती.

आमचं गाव घोडेगावच्या अलीकडे, डोंगराला पाठ टेकून बसलेलं आहे. आमच्या पणजोबांच्या पिढीने ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा गावाने त्यांना कबरस्तानासाठी जागा दिली, आणि ती टेकडीच्या माथ्यावर दिली. देणाऱ्यांनी मन मोठं केलं, असं आमच्यात अजून सांगतात. त्या जागेत बाभूळसुद्धा नाराजीने उगवते. नांगर कधी गेला नाही, विहीर कधी लागली नाही, त्यामुळे मेलेल्यांना तिथे कुणाचा त्रास नाही. जिवंतांना मात्र वर जावं लागतं.

वर जायला रस्ता असा नाही. सुटा मुरूम, मध्ये दगडांच्या ओबडधोबड पायऱ्या, आणि अर्ध्यावर पावसाने पाडलेली एक घळ. पूर्वी पेटी खांद्यावरून न्यायचे. मग गावातले खांदे पुण्याला आणि चाकणला नोकरीला गेले, आणि मागे राहिले ते गुडघे. तेव्हा भावाने लिलावातून एक जुनी डिझेल जीप आणली. शेती करायचा तो. पण शेतीपेक्षा त्याचं लक्ष त्या जीपमध्ये जास्त. मागची बाकं काढली की पेटी आत बसायची, वीतभर बाहेर राहायची. त्यानंतर मंडळीतलं जे कुणी गेलं, ते त्याच्या जीपमधून वर गेलं.

तो फार हळू चालवायचा. मागून लोक गीत म्हणत चालत, आणि जीप त्या गीताच्या चालीने चढे. कडवं संपलं की लोक दम घेत, तेव्हा जीपही जणू दम घेई. मी तेव्हा नगरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. सुट्टी काढून अंत्यविधीला आले की मला वाटायचं, एवढं बेताने तर आमच्याकडे पुस्तकंही कुणी हाताळत नाही.

चढाच्या पायथ्याशी एक रीत होती. जीप थांबायची. पाळकसाहेब म्हणायचे, “आपण डोकी लववू या.” आमच्यात प्रार्थनेला डोळे मिटतात. लहानपणापासून तेवढं शिस्तीने शिकवलेलं असतं. बाकीचं ज्याचं त्याने बघायचं. सगळ्यांनी डोळे मिटले की भाऊ खाली उतरे आणि पुढच्या चाकापाशी वाके. मग वळसा घालून दुसऱ्या चाकापाशी. ‘आमेन’ होईपर्यंत तो परत जागेवर बसलेला असे.

हे आम्हाला कळलं ते चुलतभावामुळे. त्याने एकदा प्रार्थनेत एक डोळा उघडला होता. का उघडला, हे त्याला कुणी विचारलं नाही. जे दिसलं ते इतकं चांगलं होतं. भाऊ चाकापाशी गुडघ्यावर बसला होता आणि त्याचा हात चाकावर होता. मेलेल्याला वर न्यायच्या आधी तो गाडीच्या पाया पडतो, असं गावभर झालं. मग कुणी म्हणालं, गाडीच्या नाही, देवाच्या. पाळकसाहेबांनी नम्रतेवरच्या उपदेशात त्याचा दाखला दिला. भाऊ शेवटच्या बाकावर बसून नखं कोरत होता.

मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, “करावं लागतं, ताई.”

मला ते वाक्य फार आवडलं. श्रद्धेबद्दल इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं मी कुठे वाचलं नव्हतं. माणसाने फार वाचलं की त्याला साध्या वाक्यातही अर्थ दिसू लागतो.

तर त्या बुधवारी जीप चुलतभावाने चालवली. पायथ्याशी तो उतरला, दोन्ही चाकांवर हात ठेवला, तोच हात छातीला लावला. या वेळी बऱ्याच जणांनी डोळे उघडे ठेवले होते. बायका रडल्या. मीही रडले. मग जीप निघाली, आणि घळीपाशी मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मुरूम उडाला, धूर झाला, इंजिन गुदमरून बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. शेवटी पेटी उतरवली आणि पुरुषांनी हातांवर घेतली. घळीत पुढचा माणूस गुडघ्यावर बसला, पेटी कलली, आणि आत काहीतरी सरकून आदळल्याचा आवाज झाला.

आत काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आई माझ्या हाताला धरून उभी होती. घरी आल्यावर चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “मला असं नेऊ नका.”

मी म्हणाले, “आई, आत्ता कशाला ते.”

“आत्ताच सांगती. मागनं कोन सांगनार. गाडी नीट करा. मला गाडीतनं न्या, त्याच्या शेजारी. हातातनं नको.”

तिचं वय बघता ही मागणी तातडीची होती. मी नोकरीतून मोकळी झाले होते. घरात आता आम्ही दोघीच. तिने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. साडीसुद्धा ‘तुला आवडंल ती आन’ म्हणायची.

तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थनासभा झाली. चहा आणि टोस्ट आले, आणि टोस्ट चहात बुडवता बुडवता निदान झालं.

“दम न्हाई,” चुलतभाऊ म्हणाला. तो उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो, त्यामुळे आमच्यात यंत्रांबाबत त्याचा शब्द शेवटचा. “फोर बाय फोर टाकलंवतं, ताई. दोन्ही दांडे वडलेवते. चारी चाकं लावली तरी न्हाई चढली. इंजनातच दम न्हाई.”

मी म्हणाले, “नाताळच्या आधी तर चढली होती. हेच इंजिन होतं.”

“तवा इंजन जवान हुतं.”

नाताळ होऊन फार दिवस झाले नव्हते. इतक्यात म्हातारपण येतं हे मला घरात बघायला मिळत होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही. पाळकसाहेब म्हणाले की प्रत्येकाला एक दिवस थकायचंच आहे. हे इंजिनाला उद्देशून होतं.

मग इंजिन निवडायचं काम सुरू झालं. ते कित्येक महिने चाललं. भावाच्या कबरीवर कोणतं वचन कोरायचं, हे त्यामानाने चहा थंड व्हायच्या आत ठरलं होतं.

पहिली आमची फेरी घोडेगावला. मिस्त्रीचं गॅरेज हमरस्त्याला, जनावरांच्या बाजाराच्या वाटेवर. आम्ही गेलो तो नेमका बाजाराचा दिवस. चुलतभावाला म्हशींच्या खरेदीची सवय, आणि इंजिनाचीही त्याने तशीच चौकशी केली. वय किती, आधी कुणाकडे होतं, विकायचं कारण काय, खायला किती लागतं. मिस्त्रीही बाजारातलाच माणूस. त्यानेही दलालासारखीच उत्तरं दिली.

“ह्ये बगा,” मिस्त्री म्हणाला, “जुनं इंजन खोलायचं, आतनं घासून बोर करायचं, ह्यो एक मार्ग. दुसरा म्हंजी त्यालाच टर्बो बसवायचा. पन म्हाताऱ्याला टर्बो झेपंल का, ते मी सांगनार न्हाई. तिसरं, सरळ मोठं इंजन टाकायचं. मग बगायचंच न्हाई.”

“बगायचंच न्हाई म्हंजी?”

“म्हंजी डोंगर हाय का न्हाई, ते गाडीला कळनारच न्हाई.”

टर्बो म्हणजे काय, असं मी विचारलं. मिस्त्रीने सांगितलं की इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, आणि तो आत जास्त हवा कोंबतो. टाकाऊ धुरातून ताकद काढायची ही कल्पना मला पटली. आमच्या प्रार्थनासभेत तेच चाललं होतं.

दुसरे सल्लागार पुण्याहून आले. माझ्या मावसबहिणीचे जावई. आमच्या घरात जावयाचं मत ऐकून घ्यावं लागतं. ते चुकीचं असलं तर जास्त शांतपणे. यांच्याकडे स्वतःची जीप होती, माणसाच्या कमरेइतक्या उंच टायरांची, आणि त्यांच्यासारख्या जीपवाल्यांचा एक गट होता. रविवारी, आम्ही उपासनेला बसतो त्या वेळी, हे लोक घर सोडून लांब जातात, चिखल शोधतात, मुद्दाम त्यात गाडी घालतात आणि मग ती बाहेर काढतात. बाहेर निघाली की फोटो काढतात. भावाने आयुष्यभर चिखल टाळायची खटपट केली. त्याला हे कळलं असतं की नाही, सांगता येत नाही.

“मावशी, तुम्ही पॉवर-टू-वेट रेशो बघा,” जावई म्हणाले. “गाडीचं वजन, प्लस लोड.”

“लोड म्हणजे आई,” मी म्हणाले.

त्यांनी मोबाईल बाहेर काढला. “म्हणजे, जनरली.”

आई दारात शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, “जावईबापू, माझं वजन आता लई न्हाई. चिंता करू नका.”

जावयांनी मोबाईलवर एक आलेख दाखवला. खाली इंजिनाचे फेरे, बाजूला ताकद. एक निळी रेषा चढत चढत वर जात होती. फार सुंदर चढत होती. मधे कुठेही घळ नव्हती.

आता मीही माझ्या परीने हातभार लावला. मला गाडी चालवता येत नाही, पण एखादी गोष्ट येत नाही म्हणून मी कधी वाचायची सोडली नाही. जुन्या ओळखीवर ग्रंथालयातून मोटारींच्या यंत्रशास्त्रावरचं एक जाड पुस्तक आणलं आणि रोज दुपारी आई झोपली की वाचलं. त्यातून मला कळलं की ताकद आणि ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत. अश्वशक्ती म्हणजे काम किती झपाट्याने होतं ते. चाकाला पीळ किती जोराने बसतो ते दुसरं, त्याला टॉर्क म्हणतात. मला हा भेद इतका आवडला की पुढच्या बैठकीत मी तो सगळ्यांना समजावून सांगितला.

“आपल्याला झपाटा नकोय,” मी म्हणाले. “मेलेल्या माणसाला घाई नसते. आपल्याला हळू आणि जोराने ओढणारं इंजिन हवंय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं.

“मावशी,” जावई म्हणाले, “मोठं घेतलं की दोन्ही मिळतं.”

“व्हय की,” चुलतभाऊ म्हणाला. “मग मोठंच घिऊ.”

काष्टीकडे एका अपघात झालेल्या पिकअपचं इंजिन मिळालं. पिकअपचं पुढे काही उरलं नव्हतं, पण इंजिनाला ओरखडा नाही, असं मिस्त्रीने कौतुकाने सांगितलं. चालकाचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. इंजिन टर्बोवालं होतं. जीपच्या नाकात ते मावेना, म्हणून बॉनेट कापून वर पत्र्याचा उंचवटा केला. जीपला गलगुंड झाल्यासारखं दिसू लागलं. गाडीच्या कागदांचं काय, असं मी विचारलं.

“ताई,” मिस्त्री म्हणाला, “गाडी कबरस्तानात जायाची. तितं कोन साहेब पावती फाडनार?”

जुनं इंजिन त्याने परत आणून दिलं. ते अंगणात शेवग्याखाली दोन लाकडांवर ठेवलं. आई काही दिवस त्याच्याकडे बघत होती. मग तिने त्यावर पायपुसणी वाळत घालायला सुरुवात केली.

चाचणीसाठी रविवार ठरला, उपासनेनंतरचा. जावई पुण्याहून आले; त्यासाठी त्यांनी एका रविवारचा चिखल सोडला. मिस्त्री आला. मंडळीतली बरीच माणसं आली, कारण त्यातल्या प्रत्येकाला या जीपमध्ये कधी ना कधी बसायचं होतं. वजनासाठी ज्वारीची पोती टाकायचं ठरलं होतं. चुलतभाऊ पोतं उचलायला वाकला तेव्हा आई काठी टेकत पुढे आली.

“पोती कशाला? मी हाय की.”

“काकू, आवो—”

“वजन बरोबर भरंल. आन कसं वाटतंय तेबी कळंल. मागनं मला काय सांगता येनार न्हाई.”

तिला मागे बाकावर बसवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. तिच्या चपला मी हातात घेतल्या. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि लग्नाला निघाल्यासारखी ताठ बसली.

पायथ्याशी जीप थांबली. पाळकसाहेब म्हणाले, “आपण डोकी लववू या.” त्यांनी इंजिनासाठी प्रार्थना केली. प्रभूने या यंत्राला सामर्थ्य द्यावं, अशी. ते मिस्त्रीने आधीच दिलं होतं, पण प्रार्थना वाया जात नाही. चुलतभाऊ उतरला, एका चाकावर हात ठेवला, छातीला लावला, दुसऱ्या चाकावर ठेवला, छातीला लावला. आमेन झालं.

चुलतभावाने जागेवर बसून ॲक्सिलरेटर दाबला. आवाज जोरदार झाला. टेकडीवरचे होले उडाले. मागची चाकं अशी फिरली की त्यांच्यावरचे नट दिसेनात. मुरमाचा फवारा उडाला आणि पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यावर बसला. जीपचं ढुंगण एका बाजूला सरकलं, परत दुसऱ्या बाजूला सरकलं, आणि ती निवडुंगाच्या बेटापाशी रुतून थांबली. जुनं इंजिन निदान घळीपर्यंत गेलं होतं. नवं त्याच्या बरंच खाली थांबलं, पण जास्त ताकदीने.

धूळ खाली बसली.

मग चुलतभाऊ म्हणाला, “आजून थोडी पावर पायजे.”

“टायर्स,” जावई म्हणाले. “मी आधीपासून म्हणतोय, टायर्स.”

मिस्त्री म्हणाला की याहून मोठं एक इंजिन त्याच्या नजरेत आहे.

आई आतून म्हणाली, “आरं, त्यो पिळायचा, तू न्हाई पिळलंस.”

“काय पिळायचा, काकू?”

“चाक. लोनच्याच्या बरनीचं झाकन पिळत्यात तसं. आंदी हिकडचं, मग तिकडचं. तू नुस्ता हात लावतूस.”

मी जीपच्या मागे गेले. “तुला कसं माहीत?”

“माझं डोळं उघडं असत्यात. प्रार्थना मी कानानं ऐकती.” पाळकसाहेब झगा झटकायला लागले. “आन घरी आला की हात काळं. मी वरडायची, मयतीला जाऊन हात कशानं भरलं रे. तर म्हनायचा, करावं लागतं.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

“कुनी इचारलं? तुमी इंजन निवडत हुता.”

मी पुढच्या चाकापाशी खाली बसले. चाकाच्या मधोमध मुठीएवढी एक गोल टोपी होती, चिखलाने माखलेली. पदराने पुसली. मला कुठेही अक्षरं दिसली की वाचायची खोड आहे. औषधांच्या बाटल्या, ट्रकच्या पाठी, काहीही. इथे इंग्रजीत दोन शब्द कोरलेले होते, ‘फ्री’ आणि ‘लॉक’, आणि एक बाण होता. बाण पहिल्या शब्दावर होता. मी टोपी धरून पिळली. हलेना. आईच्या चपला खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी पिळली, तेव्हा ती कट् असा आवाज करून दुसऱ्या शब्दावर गेली.

मग सगळं जागेवर बसलं. आतला दांडा कितीही ओढला तरी ही टोपी पिळल्याशिवाय पुढची चाकं इंजिनाला जोडलीच जात नाहीत. मागच्यांच्या जोरावर नुसती फरफटत जातात. भाऊ एरवी ती मोकळी ठेवायचा, म्हणजे रस्त्यावर गाडी हलकी चालते. टेकडी आली की जोडायचा. सगळे डोळे मिटून उभे असत तेवढा वेळ त्याला पुरायचा, आणि कुणाचा खोळंबा व्हायचा नाही. त्याच्या मागे आम्ही त्याची नम्रता तेवढी जपली होती. टोपी तशीच मोकळी राहिली होती.

मी दुसरीकडची टोपी पिळायला गेले तेव्हा मिस्त्री म्हणाला, “आता, ते तर कुनालाबी ठाऊक असतंय. आमाला वाटलं, तुमी फिरवलंय.”

जावई म्हणाले, त्यांच्या गाडीत ते बटणावर असतं, त्यामुळे ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या जाड पुस्तकात याबद्दल काही होतं का, मला माहीत नाही. मी इंजिनाच्या प्रकरणांपर्यंत वाचलं होतं. चाकं शेवटी होती.

चुलतभाऊ जागेवर बसला. सर्वांत छोटा गिअर टाकला, क्लच सोडला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढून घेतला. जीप चालू लागली. मोठ्या इंजिनाला तसूभरही जोर लावावा लागला नाही. ते नुसतं गुरगुरत होतं. जीप घळीत उतरली, घळीतून वर आली, आणि आम्ही सगळे सवयीने मागून चालायला लागलो. पाय त्या वेगाला लागले, तसं मागे कुणीतरी, तेही सवयीनेच, गीत धरलं. दुसऱ्या ओळीला सगळे म्हणायला लागले.

आईने पदर सरकवून मागे बघितलं. “आरं, मी जिती हाय आजून.”

गीत थांबलं. थोड्या अंतरावर ते पुन्हा सुरू झालं, हळू आवाजात. तिने या वेळी मागे बघितलं नाही.

वर पोचल्यावर तिला उतरवलं. ती भावाच्या कबरीपाशी बसली, मातीवरचे चार खडे वेचून बाजूला टाकले. त्याच्या उजव्या बाजूची जागा हाताने चाचपून बघितली, विकत घ्यायचं कापड बघतात तशी.

“हितं,” ती मला म्हणाली.

मागे जीपचं इंजिन चालू होतं. ते बंद करायला कुणी धजावत नव्हतं.

“करावं लागतं म्हनायचा,” ती म्हणाली. “काय करावं लागतं त्ये सांगायला काय झाल्तं ह्याला.”

मी तिच्या पायांत चपला घातल्या.

जुनं इंजिन परत बसवावं, असं त्यानंतर कुणी सुचवलं नाही. बॉनेट कापलेलं होतं, नवं इंजिन धरणाऱ्या पट्ट्या वेल्ड झालेल्या होत्या, आणि मोठ्या इंजिनाची आता मंडळीला सवय झाली होती. आमच्या जीपला पंचक्रोशीत जास्त ताकद आहे, असं लोक पाहुण्यांना सांगतात. ती ताकद वापरायची वेळ कधी येत नाही, पण असलेली बरी. जावयांनी जीपचा फोटो त्यांच्या गटात टाकला. त्यावर बरेच अंगठे आले.

चुलतभाऊ अजून पायथ्याशी उतरतो. आता तो आधी टोपी पिळतो, मग हात छातीला लावतो. त्याच्या शर्टावर ग्रीसचा डाग पडतो. पाळकसाहेबांनी नम्रतेवरचा उपदेश बदललेला नाही. त्यांचं म्हणणं, दाखला चुकीचा असला तरी मुद्दा खरा आहे. यात त्यांचं फारसं चुकत नाही, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आई ज्वारीच्या काढणीत गेली. झोपेतच गेली. चुलतभावाने जीप आणली, बाकं काढली, पेटी आत ठेवली. ती आत पूर्ण मावली. आईच्या उंचीच्या पेटीला वीतभरही बाहेर राहायचं कारण नव्हतं.

पायथ्याशी पाळकसाहेब म्हणाले, “आपण डोकी लववू या.” चुलतभाऊ दार उघडायला लागला, तेव्हा मी त्याला हाताने बस म्हणून सांगितलं. तो बसला. मी एका चाकापाशी गेले, टोपी पिळली, वळसा घालून दुसऱ्या चाकापाशी गेले. पिळून झाल्यावर उठले तेव्हा प्रार्थना चालूच होती. सगळे डोळे मिटून उभे होते, म्हातारे, बायका, पुण्याहून आलेले, आणि कुणालाच मी दिसत नव्हते. एवढे मिटलेले डोळे भाऊ आणि आई सोडून याआधी कुणी नीट बघितले नसावेत. चुलतभावाने एका डोळ्याने बघितलं होतं, ते मोजायचं नाही.

आमेन झालं. जीप चालायच्या चालीने चढली. घळीत पेटी हलली नाही.

टेकडीवर ती दोघं शेजारी आहेत. घरात मी आहे. शेवग्याखाली जुनं इंजिन आहे, आणि पायपुसणी मी त्याच्यावरच वाळत घालते.